डावीकडचा ब्रेक

१

गहिनीनाथ मास्तर गेले आणि सविताबाईंच्या सकाळच्या कामांत एका कामाची भर पडली. दूध तापलं, अंगण झाडून झालं, की त्या शेडखालच्या पांढऱ्या अल्टोचं कव्हर ओढून काढायच्या, स्टेअरिंगपुढे बसायच्या आणि दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायच्या. पुण्याला नोकरीला असलेल्या अंगदने, त्यांच्या मुलाने, तशी ताकीदच दिली होती. "आई, रोज चालू कर. न्हाईतर बॅटरी बसंल." सविताबाईंनी कुकरची शिट्टी कधी चुकवली नव्हती, त्या बॅटरी काय बसू देतात.

गाडीच्या दोन्ही दारांवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'गहिनीनाथ मोटर ड्रायव्हिंग स्कूल, तिसगाव. महिलांसाठी खास सोय.' त्या खास सोयीत तालुक्यातल्या निम्म्या बायका गाडी शिकल्या. शाळेतल्या मास्तरणी शिकल्या, नर्सबाई शिकल्या, सरपंचांच्या दोन्ही सुना शिकल्या. राहिली ती फक्त मास्तरांच्या घरातली, त्यांची बायको. विषय काढला की मास्तर म्हणायचे, "तुला काय करायचंय? मी हाय ना." आणि खरंच, होते ना ते.

अकरा वर्षांपूर्वी नगरहून ही गाडी आणली तेव्हा ती जुनीच होती. चार रविवार मास्तर ती बघायला जात होते. सोयरीक जुळवायला जावं तसे जायचे आणि परत यायचे. पाठीवर झोपून खालून बघितली, ऑईलची कांडी काढून हुंगली, पत्र्याला कुठे चेपा बुजवायची लांबी भरलीय का म्हणून सगळी दारं बोटाने वाजवली. मग नागापूरला रंगनाथ मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन डावीकडच्या सीटपुढे दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला. शिकवणारा तिथे बसतो. खालून लोखंडी सळईने दोन्हीकडची पेडलं एकमेकांना जोडलेली. उजवीकडचा ब्रेक दाबला की डावीकडचा आपोआप खाली जातो, डावीकडचा दाबला की उजवीकडचा.

हे सविताबाईंना नव्याने कळलं ते त्या सकाळच्या दहा मिनिटांत. त्यांनी सहज ब्रेक दाबला, आणि शेजारच्या रिकाम्या सीटपुढे दुसरा ब्रेकही हळूच खाली गेला. पाय उचलला, तोही वर आला. त्यांनी पुन्हा दाबून बघितला. कुणीतरी आपलं बोलणं ऐकत "हं, हं" करावं तसं ते पेडल खालीवर होत होतं. त्या दिवशी गाडी दहाच्या ऐवजी पंचवीस मिनिटं चालू राहिली.

२

दिवाळीला अंगद आला तो गिऱ्हाईक घेऊनच. पाथर्डीचा माणूस होता, बोलायला बरा. तो गाडीभोवती फिरून टायरला बुटाने टोचे देत असताना सविताबाई ओट्यावरून म्हणाल्या, "गाडी द्यायची न्हाई."

"आई, उभी ठिवून काय करायची?"

"मी शिकते."

अंगद हसला. मग आईचं तोंड बघून हसायचा थांबला. गिऱ्हाईक चहा पिऊन गेलं, तेव्हा तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं. पन येत्या वैशाखात गाडीला पंधरा वर्षं व्हत्यात, पासिंगला न्यावी लागंल. स्कूल आता बंद झालं. घरगुती गाडी म्हणून पास करायची तर ती डावीकडची पेडलं काढावी लागतील, एजंट म्हनला."

"काढू की," सविताबाई म्हणाल्या. त्यांना तेव्हा पेडलांचं काय सोयरसुतक होतं!

शिकायचं कशाला, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. मास्तर आयुष्याचे जेवढे तास घरात बसले नसतील तेवढे त्या डावीकडच्या सीटवर बसले होते. सविताबाई गाडीत असल्या की मागे, पिशव्यांजवळ. पुढे बसून, मास्तरांना शेजारी घेऊन, त्यांचं "सोड... सोड... हां, आता दे" ऐकलं होतं ते परक्या माणसांनी. शेकड्यांनी. बाजारात भेटलं की ती माणसं कौतुकाने सांगायची, मास्तर कसे शिकवायचे, कसे चिडायचे नाहीत, चुकलं तरी कसे हळू बोलायचे. सविताबाई मान डोलवायच्या आणि आतून जळायच्या. घरात मास्तर असे हळू कधी बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांना गाडी शिकायची नव्हती. त्यांना मास्तरांकडून शिकायचं होतं, आणि ते राहून गेलं होतं.

३

शिकवायला मोनिका आली. शाळेची व्हॅन चालवणारी गावातलीच पोरगी, सव्वीस वर्षांची, मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेली. चार वाजता पोरं घरोघर सोडली की ती यायची. बाजाराचं मैदान आठवड्यातले सहा दिवस मोकळंच असतं. तिथे गोल गोल फेऱ्या सुरू झाल्या. मोनिका डावीकडे, पाय पेडलांवर.

"हाफ क्लच, काकू. सोडा... सोडा... हां, आता द्या."

शब्द मास्तरांचेच होते. आवाज पोरीचा होता, एवढंच.

पहिल्या आठवड्यात गाडीने एक पाण्याचा हौद आणि एक कुंपण थोडक्यात वाचवलं. दुसऱ्या आठवड्यात मोनिकाने गाडी रस्त्यावर काढायला लावली. तिसऱ्या दिवशी शेवगाव रस्त्याला लागल्यावर उसाचा ट्रॅक्टर शेतातून एकाएकी वर आला. मागे दोन ट्रॉल्या, मागचंपुढचं न बघता. सविताबाईंनी नुसतं स्टेअरिंग घट्ट धरलं. आणि गाडी उभी राहिली. ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसाचं पाचट काचेला घासून गेलं.

ट्रॅक्टर गेला. सविताबाईंनी श्वास सोडला. "बाई गं! बरं झालं तू दाबलास."

"मी?" मोनिका म्हणाली. "न्हाई काकू, तुमीच दाबला. मी म्हनले, शिकल्या की काकू! माझा पाय तर नेमका वर हुता, चपलीचा पट्टा नीट करत हुते मी."

"अगं, माझा पाय अ‍ॅक्सिलेटरवर. मी कुठली दाबते?"

"तुमीच दाबला काकू. कळत न्हाई घाबरल्यावर."

"तूच गं. सवयीनं."

हॉटेलात बिल कुणी द्यायचं यावरून चालते तशी ओढाताण दोघींत थोडा वेळ चालली. मोनिकाने चपलीचा पट्टा लावला. घरी येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती.

४

सविताबाई काही भोळ्या बाई नव्हत्या. अंगात येणाऱ्या बायांना तोंडावर हसणाऱ्यांतल्या त्या होत्या. त्यांनी रंगनाथ मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, ब्रेकचं पेडल आपोआप खाली जातं का हो?"

"अडकतं वहिनी. सळई गंजली की खाली गेलेलं वर येत न्हाई. पन वरचं आपोआप खाली? न्हाई जायचं. काहून, काय झालं?"

"काय न्हाई. इचारलं."

त्यांनी मनाशी हिशोब मांडला: घाबरल्यावर माणसाचं अंग त्याला न विचारता काम करतं. गरम तव्यावरून हात उचलतो तो काय विचार करून उचलतो? पोरीच्या पायाने तसंच केलं असेल. किंवा आपल्या. हे पटण्यासारखं होतं, आणि त्यांना ते पटलंही. फक्त त्या क्षणी उजव्या पायाचा अंगठा अ‍ॅक्सिलेटरच्या रबरावर किती घट्ट रुतला होता, ते अंगठ्याला आठवत होतं.

मग एकदा म्हैस आडवी आली. एकदा वळणावर एसटी. मग नर्सबाईंची स्कूटी. तिन्ही वेळा गाडी थांबली. तिसऱ्या वेळी मोनिकाने घरी आल्यावर शेडखाली उतरता उतरता सांगून टाकलं, "काकू, लायसन आलं तुमचं. आता माझं काय काम?"

"अजून मागं घेताना चुकतंय की माझं."

"येईल ते." ती जरा घुटमळली. काकूंकडे न बघता म्हणाली, "मी आज दाबायला गेले हुते. खरंच गेले हुते. पन पेडल माझ्याआधी खाली गेल्तं. अन् मला पाय ठिवायला... तिथं जागाच न्हवती, काकू."

पोरगी गेली. सविताबाई शेडखाली उभ्या राहिल्या. मास्तर गेले ते याच सीटवर. श्रावणात, पाथर्डी रस्त्याला, हर्षल नावाचा कॉलेजचा मुलगा चालवत होता. मास्तरांनी ब्रेक दाबून गाडी कडेला उभी करवली आणि मग बोललेच नाहीत. हर्षलला वाटलं, चुकलं म्हणून गप्प बसलेत. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली. हार्ट अ‍ॅटॅक होता; लोक जमले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला होता आणि पाय ब्रेकवरच होता. तो उचलून काढावा लागला. जाता जाता पोराला वाचवलं, असं सगळं गाव म्हणालं. सविताबाईंनी ते हात जोडून ऐकून घेतलं. त्यांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही. त्यांना राग आला होता. शेवटचं म्हणून जे काही होतं, तेही परक्याच्या पदरात गेलं होतं.

५

मग त्या एकट्या चालवू लागल्या. शेतावर, दळण घेऊन गिरणीला, पाथर्डीला बहिणीकडे. लुगडं नेसलेली बाई ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एकटी चाललीय हे बघून रस्त्यावरची माणसं मान वळवायची.

एकट्या असताना शंकेला जागा उरली नाही. गिरणीच्या बोळात एक पोर चेंडूमागे धावत आलं. सविताबाईंचा पाय ब्रेकवर पोचला, आणि त्यांनी दाब देण्याआधीच पेडल तळव्याखालून पुढे निघून गेलं. पायरी उतरताना पायरीच सापडू नये, तसा त्यांचा पाय रिकाम्यात गेला. गाडी उभी राहिली. त्यांनी डावीकडे बघितलं. सीट रिकामी. सीटपुढे ब्रेकचं पेडल खाली गेलेलं, तसंच राहिलेलं. मग ते वर आलं. एकदम नाही. पाय सावकाश उचलावा तसं.

भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, आणि ते सुख होतं. लाज वाटावी इतकं सुख. त्या पोराची आई शिव्या घालत आली तेव्हा सविताबाई हसत होत्या.

त्या दिवसापासून त्या गाडीत बोलू लागल्या. भाव काय झाले, अंगदचं लग्न कुठे अडलंय, बोअरला पाणी किती राहिलंय. उत्तर यायचं नाही. यायला हवं असंही नव्हतं. मास्तर घरी तरी कुठे उत्तरं देत होते?

पंचाईत वेगळीच झाली. सविताबाई चांगली गाडी चालवू लागल्या. हात बसला, नजर बसली, लांबून म्हैस दिसली की पाय आपसूक ब्रेकवर जायचा. आणि डावीकडचं पेडल फक्त त्यांच्या पायाबरोबर खालीवर होऊ लागलं, सळईने जोडलेलं लोखंड जसं व्हावं तसं. एक आठवडा गेला. पंधरवडा गेला. सविताबाईंना मास्तरांचं पोरांना सांगणं माहीत होतं, तालुक्याला पाठ होतं ते: "ज्या दिशी माझा पाय खाली लागायचा न्हाई, त्या दिशी तू शिकला." ते दारावर लिहिलं असतं तरी चाललं असतं.

शिकल्या तर मास्तर जाणार होते.

म्हणून त्या चुकायला लागल्या. आधी बारीकसारीक. गतिरोधकावरून गाडी आदळली. काही झालं नाही. आडव्या रस्त्यावरून हॉर्न न देता घातली, काही नाही. मास्तर थोडक्यावर ब्रेक वाया घालवणाऱ्यांतले नव्हते. मग त्यांनी एका टेम्पोला ओलांडताना समोरून जीप येऊ दिली, आणि जीप अगदी तोंडाशी आल्यावर तळव्याखालून ते पेडल निसटलं. टेम्पो पुढे गेला, गाडी मागे झाली, जीपवाला ओरडत निघून गेला. सविताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "हायत," त्या म्हणाल्या. "हायत, हायत."

रात्री गॅसचं बटण तीनदा बघणारी ही बाई. अशी चूक आठवड्यातून एकदा व्हायची, मग दोनदा, मग रोज.

६

वैशाख लागला तसा अंगद आला. रंगनाथ मिस्त्रीकडे सोमवारचा दिवस ठरवून आला होता. पेडलं काढायची आणि मग पासिंग. शनिवारी मायलेकरं वृद्धेश्वराच्या दर्शनाला गेली. सविताबाई चालवत होत्या. लेक शेजारी असल्याने त्या अगदी सरळ, सोज्वळ चालवत होत्या.

"भारी चालवतेस की गं! आण्णांनी बघायला पायजे हुतं," वडलांच्या आठवणीने अंगद म्हणाला.

सविताबाईंनी आरशात बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

थोड्या वेळाने त्यांचं लक्ष गेलं. अंगद अवघडून बसला होता. दोन्ही पाय दाराकडे वळवलेले, गुडघे एकमेकांना चिकटवलेले. एसटीत शेजारी कुणी येऊन बसलं की माणूस सरकून जागा करतो, तसा.

"नीट बस की," त्या म्हणाल्या.

"जागाच न्हाई इथं पायाला. बरं झालं, परवा ती पेडलं निघत्यात." असं म्हणत त्याने पाय आणखी कडेला घेतले. पेडलांच्या आसपास वीतभर जागा मोकळी पडली होती. त्या जागेकडे त्याने एकदाही बघितलं नाही, आणि घरी येईपर्यंत तिथे पाय नेला नाही.

सविताबाईंना त्या रात्री झोप आली नाही. सोमवारी सळई निघणार. मग चुकून तरी काय उपयोग? आता एकच दिवस होता.

७

रविवारी जेवण करून अंगद आडवा झाला, तेव्हा त्या गाडी घेऊन निघाल्या. करंजी घाट चढून वर गेल्या, वरच्या हॉटेलापाशी गाडी वळवली आणि क्षणभर थांबल्या. भर दुपार होती. घाट उन्हाने पांढरा पडला होता, खालून एखादी गाडी चढत असल्याचा घर्र घर्र आवाज तेवढा येत होता. सविताबाईंनी पदर खोचला.

मास्तरांना एकाच चुकीची चीड होती, इतर चुकांना ते हसायचे. उतारावर गाडी न्यूट्रलला सोडायची. पेट्रोल वाचतं म्हणून लोक करतात. अशा एका शिकणाऱ्याला त्यांनी घाटातच खाली उतरवून, चालत घरी जायला लावलं होतं.

सविताबाईंनी गिअरचा दांडा मधे आणला. गाडी आपसूक चालू लागली. त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले, पार सीटखाली, आणि चपला एकमेकींत अडकवून ठेवल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "बघा."

पहिलं वळण गेलं. हात स्टेअरिंगवर होते, पण स्टेअरिंग हलकं व्हायला लागलं. खिडकीतून वारा आत घुसायला लागला, मग त्याचा नुसता आवाज राहिला. दुसऱ्या वळणाला टायर किंचाळले. दरीकडचा पांढरा कठडा समोर आला आणि बाजूला सरकला. सविताबाईंनी डावीकडे, खाली, पेडलाकडे नजर लावली. ते वरच होतं.

अजून वरच होतं.

त्यांच्या मनात आलं, नसतीलच तर? कधीच नसतील तर? घाबरल्यावर अंग न विचारता काम करतं, एवढंच असेल तर? त्यांनी पाय पुढे काढायला बघितला आणि चप्पल अडकली. तिसरं वळण समोर आलं. त्या वळणात खालून एक ट्रक अर्ध्याहून जास्त रस्ता अडवून चढत होता.

पेडल खाली गेलं. असं कधीच गेलं नव्हतं. फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. गाडीचं तोंड खाली दबलं, मागची सगळी बाजू उचलल्यासारखी झाली, रबराचा जळका वास आला, आणि अल्टो कठड्यापासून दोन हातांवर वाकडी उभी राहिली. ट्रक हॉर्न वाजवत शेजारून चढून गेला.

मग शांत झालं. इंजिन चालू होतं. सविताबाईंनी बघितलं: हँडब्रेक खाली. गिअर न्यूट्रलला. पाय दोन्ही सीटखाली. उतार असा की ठेवलेला लिंबू घरंगळत जावा. आणि गाडी हलत नव्हती. डावीकडचं पेडल तळाला टेकलेलं होतं आणि बारीक थरथरत होतं. पोटरीत गोळा आलेला पाय थरथरतो तसं.

त्यांची मान वर करून सीटकडे बघायची छाती झाली नाही.

८

मागे कांद्याच्या गोण्या भरलेली पिकअप थांबली. ड्रायव्हर उतरून आला, चाळिशीचा, गळ्यात टॉवेल. तो सविताबाईंच्या बाजूला आला नाही. डावीकडच्या खिडकीशी जाऊन वाकला.

"ओ मास्तर! बाईमानसाला शिकवायला घाटच घावला का तुमाला? आत्ता दोघंबी गेले असते की खाली!"

सविताबाईंनी स्टेअरिंग धरून ठेवलं. त्यांची नजर समोरच्या कठड्यावर होती. तिथे कुणीतरी रंगाने बाण काढला होता.

ड्रायव्हर उत्तराची वाट बघत होता. मग त्याचा आवाज बदलला. "काय व्हतंय का? छातीत दुखतंय का मास्तर? ताई, यांना पानी द्या आधी. घामानं पार न्हालेत. बोलता येईना त्यांला."

"दादा," सविताबाई म्हणाल्या. "कसे दिसत्यात ते?"

"कसे म्हंजे? तुमी बघा की. लई भ्यालेत. पाय दाबून धरलाय नुसता." त्याने टॉवेलने स्वतःचं तोंड पुसलं. "बसा थोडा वेळ. मी जातो कडंनं." आणि तो गेला. पिकअप शेजारून खाली उतरली, तिचा आवाजही संपला.

तीन महिने सविताबाईंना वाटत होतं, आपण त्यांना बोलावतोय. आता त्यांना कळलं, आपण काय करत होतो. तो टेम्पो, ती जीप, रोजची ती चूक. प्रत्येक वेळी त्या माणसाने तोच शेवटचा ब्रेक पुन्हा दाबला होता. तोच घाम, तीच छातीतली कळ. दुसऱ्याच्या पोरासाठी त्यांनी तो एकदा दाबला म्हणून आपण रुसलो, आणि स्वतःसाठी किती वेळा दाबायला लावला त्याची मोजदाद नाही.

"अहो," त्या म्हणाल्या. "मला येतं. मी मुद्दाम करत हुते. मला गाडी येती, खरंच येती. सोडा पाय."

पेडल वर आलं नाही.

का यावं? विश्वास बसावा असं त्यांनी काय केलं होतं? सविताबाईंनी चपला सोडवल्या, पायांतून काढून मागे टाकल्या. अनवाणी डावा पाय क्लचवर ठेवला, गिअर पहिल्यात घातला. उजवा पाय ब्रेकवर ठेवला. ते पेडल आधीच तळाला होतं. पाय नुसता त्यावर टेकला.

"आता माझा पाय हाय. बघा. मी धरलाय. तुमी सोडा."

बराच वेळ काही झालं नाही. ऊन बॉनेटवरून डोळ्यांत येत होतं. मग भरलेला हंडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात येताना जसं वजन कळतं, तसं त्यांना कळलं. आधी थोडं, मग जास्त, मग सगळं. ब्रेकचं सगळं ओझं त्यांच्या एकटीच्या तळव्याखाली आलं. मांडी दुखायला लागली. गाडी त्यांनी धरलेली होती.

त्यांनी ब्रेक हळूच सैल केला. क्लच सोडला, सोडला, सोडला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने घाट उतरू लागली. प्रत्येक वळणाला त्यांनी हॉर्न दिला. डावीकडे बघितलं नाही.

खाली करंजीच्या अलीकडे रस्त्याकडेला लिंबाचं झाड आहे. तिथे त्यांनी इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. सगळं ओळीने. मग त्या वळल्या.

सीटवर कुणी नव्हतं. पाठ टेकायच्या जागी रेक्झिनचं कव्हर ओलं होतं. त्या ओलीत खांदे उमटले होते, मधे पाठीचा पन्हळ होता, खाली कमरेपाशी ओल जास्त साचली होती. बंद गाडीतल्या उन्हात ती कडांनी सुकायला लागली होती. सविताबाईंनी त्यावर तळहात ठेवला. कोमट होतं. खांदे गेले, कंबर गेली, ओल आत आत येत हाताएवढी राहिली आणि मग हाताखालीच संपली. तरी त्यांनी हात काढला नाही.